काटा अडकतोय पण डिस्क तर मोकळी: साखर कारखान्याच्या सर्व्हरवर केप्रोब लावून सोडवलेलं एक प्रकरण

कोल्हापूर जिल्ह्यातला एक साखर कारखाना, नाव घेत नाही. गळीत हंगामात वजनकाट्यावर काय परिस्थिती असते ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग पार रस्त्यापर्यंत, भरलेली गाडी काट्यावर चढणार, वजन होणार, कॅमेरा फोटो काढणार, पावती निघणार, गाडी गव्हाणीकडे जाणार, परत रिकामी होऊन दुसऱ्या काट्यावर येणार. चोवीस तास. ह्यात एका गाडीमागं तीन-चार सेकंद जास्त गेले तर फार काही बिघडत नाही असं वाटेल, पण वजन स्क्रीनवर दिसतंय, सेव्ह दाबलंय आणि पावतीच निघत नाही, असं चार सेकंद जरी झालं तरी ट्रॉलीवाला केबिनमधनं खाली उतरतो आणि विचारतो, "काटा मारालायसा काय ओ?" काटामारीचा संशय हा आमच्या भागात किती नाजूक विषय आहे ते वेगळं सांगत बसत नाही. तर तक्रार परफॉर्मन्सची कमी आणि विश्वासाची जास्त होती, म्हणून तर आम्हाला बोलावलं, नाहीतर चार सेकंदांसाठी कोण पैसे देतंय.

सेटअप साधा. एक टॉवर सर्व्हर, चार कोअर, एक सॅटा एसएसडी, डेबियन १० लिनक्स, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) ४.१९, फाइलसिस्टीम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) ईएक्सटी४. दोन ग्रॉस काटे (भरलेल्या गाडीचे), दोन टेअर काटे (रिकाम्या गाडीचे) आणि एक टोकन गेट, म्हणजे पाच खिडक्या, प्रत्येकीची स्वतंत्र प्रोसेस आणि स्वतःची एसक्यूलाइट (एका फाइलीत मावणारा छोटा डेटाबेस) फाइल, मागनं एक प्रोग्राम ते सगळं मेन सिस्टीमला ढकलतो. शिवाय त्याच मशीनवर कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर, जे गाडी हलली की क्लिप बनवतं. इंटरनेट नाही, मुद्दाम तोडलेलं, आणि ते बरोबरच आहे.

आता लक्षणं बघा कारण ह्या प्रकरणात लक्षणांनीच सगळ्यांना फिरवलं. नोव्हेंबरमध्ये हंगाम सुरू झाला तेव्हा सगळं व्यवस्थित होतं. डिसेंबरच्या मध्यापासून अडकायला लागलं. गर्दी असली की जास्त अडकतं, दुपारी शांत असलं की कमी. कुणीही म्हणेल लोड वाढला. डिस्कवाल्यानं सांगितलं एसएसडी गेली, मग नवीन टाकली, तीही त्याच मॉडेलची, जुन्या क्लिपा सोडून बाकी डेटा कॉपी केला, आणि भावा, काही दिवस एकदम झकास चाललं. सगळ्यांनी मान्य केलं की डिस्कच होती. मग परत सुरू. मग म्हणे ही पण खराब लागली. मग नेटवर्क स्विच बदलला, मग यूपीएसवर संशय, मग सॉफ्टवेअरवाल्यावर. काट्यावरचे मामा मात्र पहिल्या दिवसापासनं एकच सांगत होते की "सगळ्या खिडक्या एकदमच अडकतात बघा, एकटी एक कधीच न्हाई." हे वाक्य कुणी फार मनावर घेतलं नव्हतं, आणि सगळ्यात कामाची माहिती तीच होती. पाच वेगळ्या प्रोसेस, पाच वेगळ्या डेटाबेस फाइली, एकमेकांशी काही संबंध नाही, तरी एकदम अडकतात म्हणजे अडचण त्यांच्या खाली आहे, जिथे त्या सगळ्या एकत्र येतात तिथे.

एका खिडकीच्या प्रोसेसला थोडा वेळ एसट्रेस (प्रोग्राम कर्नलकडं काय काय मागतो ते दाखवणारं टूल) लावून बघितलं, तर सेव्हच्या वेळी एफसिंक कॉल (लिहिलेलं खरंच डिस्कवर उतरेपर्यंत थांबणारा) कधीकधी तीन-साडेतीन सेकंद घेतोय, बाकी वेळी दहा-पंधरा मिलीसेकंद. एसट्रेस लगेच काढला, चालू काट्यावर ते जास्त वेळ ठेवण्यासारखं नाही, प्रत्येक सिस्टीम कॉलला प्रोसेस थांबवतं ते. पण दिशा मिळाली. एसक्यूलाइट डिफॉल्ट मोडमध्ये प्रत्येक ट्रान्झॅक्शनला एक जर्नल फाइल बनवतं, ती एफसिंक करतं, मग मुख्य फाइल लिहून ती एफसिंक करतं, मग जर्नल फाइल डिलीट. म्हणजे एका पावतीमागं दोन-तीन एफसिंक ठरलेले, आणि नवीन फाइल बनतीय-पुसतीय म्हटल्यावर प्रत्येक वेळी ईएक्सटी४ च्या जर्नलचा कमिट लागणार.

इथे थोडं ह्या जर्नलबद्दल बोलावं लागेल, एसक्यूलाइटच्या जर्नल फाइलीपेक्षा हे वेगळं. ही फाइलसिस्टीमची वही: बदल आधी इथं लिहायचे, म्हणजे मधेच मशीन पडलं तरी घोळ होत नाही, आणि तिथली नोंद पक्की करणं म्हणजे कमिट. ईएक्सटी४ चं जर्नल जेबीडी२ नावाचा कर्नल थ्रेड सांभाळतो, प्रत्येक फाइलसिस्टीमला एकच. तो वडापच्या जीपसारखा आहे: तुमची एकट्याची पिशवी असली तरी गाडी सगळ्यांचं सामान घेऊनच जाणार, आणि ती परत येईस्तोवर पुढची फेरी नाही. कुणाही एका प्रोसेसनं एफसिंक केलं की त्या क्षणाचं सगळं चालू ट्रान्झॅक्शन कमिट होतं, त्यात दुसऱ्यांनी केलेले मेटाडेटाचे (फाइलींबद्दलच्या नोंदींचे) बदल पण आले, आणि एफसिंकवाला ते पूर्ण व्हायची वाट बघत झोपतो. त्यामुळं "सगळ्या खिडक्या एकदम" हे तिथं चपखल बसत होतं.

मग पहिला नैसर्गिक संशय ऑर्डर्ड मोडवर. ४.१९ मध्ये डिफॉल्ट डेटा-ऑर्डर्ड असतं, म्हणजे कमिटच्या आधी नव्यानं जागा दिलेल्या फाइलींचा डेटा डिस्कवर उतरावा लागतो, आणि कॅमेरा तर जाडजूड क्लिपा लिहितोय, तर त्याचं लिखाण पावतीच्या आडवं येतंय असा अंदाज. सुदैवानं हे तपासायला काही लावायलाच लागत नाही. प्रॉक फाइलसिस्टीममध्ये (जिथं कर्नल स्वतःची माहिती फाइली म्हणून दाखवतो) जेबीडी२ च्या फोल्डरात प्रत्येक डिस्कची इन्फो फाइल असते, त्यात सरासरी येते: ट्रान्झॅक्शन किती वेळ चालू होतं, किती वेळ लॉक, ऑर्डर्ड मोडचा डेटा फ्लश करायला किती मिलीसेकंद, लॉगिंगला किती. आकडे बघितले तर एकदम निरोगी. सरासरी फसवते म्हणून त्याच्यावर सोडलं नाही, जेबीडी२ चा रन-स्टॅट्स नावाचा ट्रेसपॉइंट (कर्नलमध्ये आधीच ठेवलेली नोंदीची जागा) चालू केला, तो प्रत्येक कमिटचा वेगळा हिशोब देतो. त्यातही फ्लशिंग किरकोळ, लॉगिंग किरकोळ. पण त्याच वेळी स्टार्ट-कमिट आणि एंड-कमिट हे दोन ट्रेसपॉइंट घेतले तर अडकलेल्या क्षणी त्यांच्यामधलं अंतर तीन सेकंदांच्या पुढं.

म्हणजे कर्नल स्वतःच सांगतोय की कमिटला तीन सेकंद लागले, आणि तोच कर्नल सांगतोय की फ्लशिंग अधिक लॉगिंग मिळून वीस-पंचवीस मिलीसेकंद. मधले तीन सेकंद कुठं गेले? कुठल्याच खात्यात नाहीत. माझ्या मते ह्या प्रकरणाचा गाभा हाच आहे. तयार मोजमापं ज्यांनी लिहिली त्यांनी त्यांना महत्त्वाचे वाटले ते टप्पे मोजले, आणि आमचा वेळ दोन टप्प्यांच्या मधल्या फटीत जात होता. अशा फटीत स्वतःचा खांब रोवता यावा म्हणून तर डायनॅमिक प्रोब असतात.

केप्रोब म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. चालू कर्नलमधल्या जवळजवळ कुठल्याही फंक्शनच्या सुरुवातीला, किंवा मधल्या एखाद्या इन्स्ट्रक्शनवर, रीबूट न करता आणि कर्नल परत कंपाइल न करता आपला हुक लावायचा. मूळ पद्धत अशी की त्या जागेचा पहिला बाइट बदलून ब्रेकपॉइंट टाकतात, एक्स८६ वर तो इंट३, म्हणजे हेक्समध्ये सीसी. मूळ इन्स्ट्रक्शनची कॉपी बाजूला ठेवलेली असते. सीपीयू तिथं आला की ट्रॅप, आपला हँडलर चालतो, मग ती बाजूची कॉपी सिंगल-स्टेप करून गाडी पुढं. हल्ली फंक्शनच्या अगदी तोंडावर प्रोब लावला तर बहुतेक वेळा ब्रेकपॉइंट लागतच नाही, कारण एफट्रेस ह्या कर्नलच्याच ट्रेसिंगच्या सोयीसाठी कंपायलरनं तिथं आधीच पाच बाइटची मोकळी जागा सोडलेली असते, तीच वापरली जाते आणि ते बरंच स्वस्त पडतं. डीबगएफएसमधल्या (कर्नलच्या तपासणीच्या फाइली असतात ती जागा) केप्रोब्सच्या लिस्टमध्ये अशा प्रोबपुढं तसं लिहिलेलंही दिसतं. मेनलाइनमध्ये, म्हणजे मूळ लिनक्स कर्नलमध्ये, हे २.६.९ ला आलं, २००४ साली. कर्नलच्या केप्रोब्स सोर्स फाइलच्या डोक्यावर अजून लिहिलेलं आहे की सुरुवात ऑक्टोबर २००२ मध्ये वामसी कृष्ण एस. यांनी केली, आणि त्यांचा ईमेल आयबीएम इंडियाचा आहे. त्याच सुमारास सोलारिस ह्या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवाले डीट्रेस नावाचं असंच टूल बनवत होते, ते २००५ ला सोलारिस १० बरोबर बाहेर आलं, आणि नाव जास्त त्याचं झालं. असो.

फंक्शनमधनं बाहेर पडताना पकडायचं असेल तर केरेटप्रोब. तो आत शिरतानाच स्टॅकवरचा रिटर्न पत्ता बदलून आपल्या ट्रॅम्पोलिनचा (मधल्या थांब्याचा) ठेवतो आणि खरा पत्ता एका छोट्या नोंदीत जपतो, परत येताना तिथनं वाचून मूळ ठिकाणी सोडतो. ह्या "छोट्या नोंदी"चं प्रकरण पुढं येणार आहे, लक्षात ठेवा.

बीपीएफट्रेस (असे प्रोब लिहायचं नवं टूल) का नाही वापरलं असं लगेच कोणतरी विचारणार. मशीनवर इंटरनेट नाही, त्याला लागणारे कर्नल हेडर्स नाहीत, बीटीएफ (कर्नलमधल्या डेटाच्या रचनेची माहिती) नाही, आणि चालू हंगामात पॅकेजं टाकायला परवानगी नाही. एफएंट्री-एफएक्झिट हे त्याचे नवे प्रोब तर कर्नल ५.५ पासनं आलेत. ट्रेसएफएस (फाइली लिहून-वाचून ट्रेसिंग चालवायची सोय) मात्र कर्नलबरोबर आलेलंच असतं, त्यातल्या केप्रोब_इव्हेंट्स फाइलमध्ये एक ओळ इको केली की प्रोब तयार, त्याची इनेबल फाइल १ केली की चालू, बाकी हिशोब ऑक ह्या मजकूर चाळणाऱ्या साध्या टूलनं. मला विचाराल तर असल्या जागी हेच बरं, शेल सोडून कशावर अवलंबून राहायला लागत नाही.

परवानगी मिळवणं हा एक वेगळा अध्याय होता. ईडीपीचे (कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागाचे) साहेब म्हणाले, "चालू काट्यावर कर्नलला हात लावणार म्हणजे? पडला तर?" रास्त प्रश्न. आम्ही ऑफिसमध्ये, राजारामपुरीत, त्याच डेबियनचं त्याच कर्नलचं मशीन उभं करून तिथं आधी सगळं चालवून दाखवलं. केप्रोब सिस्टीम स्वतःच काही फंक्शनवर प्रोब लावू देत नाही, ट्रॅप हाताळणारा कोड वगैरे, त्याची ब्लॅकलिस्ट डीबगएफएसमध्ये वाचायला मिळते. पण ब्लॅकलिस्टमध्ये नाही म्हणजे लावायला हरकत नाही असं नसतं. सेकंदाला लाखो वेळा चालणाऱ्या फंक्शनवर, उदाहरणार्थ मेमरी ॲलोकेशन किंवा लॉक, प्रोब लावला तर मशीन पडणार नाही कदाचित, पण काटा मात्र सगळ्यांसमोर रेंगाळायला लागेल. म्हणून ठरवलं की फक्त थंड फंक्शनं घ्यायची, जी सेकंदाला दहा-वीस वेळाच चालतात, एका वेळी दोन-तीनच प्रोब. आणि एक अट साहेबांची: कुठल्याही क्षणी "काढा" म्हटलं की काढायचं. त्यासाठी दोन ओळींची स्क्रिप्ट आधी लिहून ठेवली, पहिल्यांदा प्रोब बंद करायचा आणि मग डिलीट, कारण चालू असताना डिलीट करायला गेलं तर कर्नल बिझी म्हणून नाही सांगतो.

पहिला प्रोब ईएक्सटी४_सिंक_फाइल वर, आत आणि बाहेर दोन्ही. दुसरा जेबीडी२_लॉग_वेट_कमिट वर, तसाच. ट्रेसचं घड्याळ मोनो (सगळ्या सीपीयूंना एकच) केलं, कारण डिफॉल्ट लोकल घड्याळ प्रत्येक सीपीयूचं वेगळं, आणि झोपलेली प्रोसेस एका सीपीयूवर शिरून दुसऱ्यावर जागी होऊ शकते, तिथं मिलीसेकंदाचा हिशोब करताना उगीच शंका नको. ऑकनं आत-बाहेर जोड्या लावल्या. निकाल अपेक्षेप्रमाणंच, एफसिंकचा जवळजवळ सगळा वेळ लॉग-वेट-कमिटमध्ये, म्हणजे प्रोसेस स्वतः काही करत नाही, नुसती जेबीडी२ ची वाट बघतीय.

पण एक गोष्ट खटकली. मामांनी फोनवर सांगितलं, "आत्ता टोकन गेट अडकलं होतं, आत्ताच्या आत्ता." वेळ बघून लॉग काढला तर टोकन गेटच्या प्रोसेसची संथ नोंदच नाही! बाकी चौघांची आहे. मामा खोटं बोलणार नाहीत. केप्रोब_प्रोफाइल फाइलमध्ये प्रत्येक प्रोबचे हिट आणि मिस असे रकाने असतात, मिसमध्ये शून्य. मग आत जाणाऱ्या प्रोबचे हिट आणि बाहेर येणाऱ्याचे हिट शेजारी शेजारी ठेवले तर बाहेरचे कमी. आत गेलेली माणसं जास्त, बाहेर आलेली कमी, आणि सगळी जिवंत तर आहेत.

हीच ती छोटी नोंद. केरेटप्रोबला एकाच वेळी किती कॉल आत आहेत त्यांच्यासाठी ठरावीक नोंदी असतात, त्या संख्येला मॅक्सॲक्टिव्ह म्हणतात. ह्या कर्नलवर प्रीएम्प्शन (कर्नलचं चालू काम मधेच थांबवून दुसऱ्याला सीपीयू देणं) बंद असल्यानं डिफॉल्ट म्हणजे जेवढे सीपीयू तेवढ्या, इथं ४. चटकन संपणाऱ्या फंक्शनला ते पुरतं, कारण एका सीपीयूवर एका वेळी एकच जण आत असणार. पण हे झोपणारं फंक्शन. चार प्रोसेस आत झोपल्या की नोंदी संपल्या, पाचवी आत गेली तर तिचं बाहेर येणं कर्नल सरळ सोडून देतो, काही तक्रार न करता. आणि ह्या जुन्या कर्नलमध्ये ती चूक मिसच्या रकान्यात मोजलीच जात नाही, तो रकाना फक्त मूळ केप्रोबच्या मिसचा, केरेटप्रोबचे मिस त्यात धरायला लागले ते नंतरच्या कर्नलमध्ये. म्हणजे बघा विषय किती हार्ड आहे, सगळं सुरळीत असताना मोजमाप पूर्ण, आणि जेव्हा गर्दी अडकते, ज्या क्षणासाठी आपण हे सगळं मांडलं, नेमकं तेव्हाच गळती. ह्या आकड्यांवर कुणी टक्केवारी काढली असती तर त्रास आहे त्यापेक्षा कमी दिसला असता. उपाय सोपा आहे, ४.१२ पासनं इव्हेंट लिहिताना आर ह्या अक्षराच्या (केरेटप्रोबची खूण) पुढं आकडा देता येतो, आम्ही ६४ दिला, वरची मर्यादा ४०९६ आहे. त्यानंतर आत-बाहेर जुळायला लागलं. झोपणाऱ्या फंक्शनवर केरेटप्रोब लावताना मी आता हा आकडा न देता कधीच लावत नाही, आणि मिसचा रकाना शून्य आहे म्हणून तर मुळीच भरवसा ठेवत नाही.

तर आता जेबीडी२ थ्रेडच्या पोटात शिरायचं. इथं मॅक्सॲक्टिव्हची भानगड नाही, कारण थ्रेड एकच. पण दुसरी भानगड होती. कमिटच्या फंक्शनच्या आतले टप्पे, डेटा सबमिट करणं, डेटाची वाट बघणं, ही स्टॅटिक (आपल्याच सोर्स फाइलीपुरती) फंक्शनं, एकाच ठिकाणनं बोलावली जाणारी, तर कंपायलरनं ती मोठ्या फंक्शनमध्येच विरघळवून टाकलेली. केऑलसिम्स (कर्नलमधल्या नावांची यादी) मध्ये नाव शोधलं तर सापडत नाही, आणि नाव नाही म्हणजे नावानं प्रोब नाही. ऑफसेट (फंक्शनच्या सुरुवातीपासनं किती बाइट पुढं) देऊन मधल्या इन्स्ट्रक्शनवर लावता येतो, पण डीबग माहिती नसताना कुठला ऑफसेट म्हणजे कुठली ओळ हे डिसअसेंब्ली वाचून ठरवावं लागतं, आणि चालू काट्यावर असले उद्योग मला पटत नाहीत. त्यापेक्षा सोर्स वाचायचा आणि असा कॉल शोधायचा जो एका फाइलमधनं दुसऱ्या फाइलमध्ये जातो, कारण तो सहसा इनलाइन होत नाही, म्हणजे असा विरघळत नाही.

आमच्याकडचा पोरगा, नुकताच शिवाजी विद्यापीठातनं पास झालेला, त्यानं ४.१९ चा सोर्स उघडून कमिटचं फंक्शन वरनं खाली वाचत आणलं. अंदाजे आठशे ओळींचं आहे ते. त्यानं विचारलं, "दादा, लॉगिंगचा वेळ इथं मोजून बंद केला, पण वाट बघणाऱ्यांना जागं करायचं तर पार खाली आहे, मधी हे काय?" मधी होता एक कॉलबॅक. ट्रान्झॅक्शन डिस्कवर उतरलं, आकडेवारी लिहून झाली, कमिट सिक्वेन्स नंबरही पुढं गेला, आणि मग फाइलसिस्टीमला सांगायचं की बाबा तुझं काही राहिलं असेल तर आता कर. ते झालं की मग वेक-अप. म्हणजे ज्याची पावती खरं तर डिस्कवर सुखरूप पोचलेली आहे तोही अजून झोपलेलाच, कारण उठवणारा कॉलबॅकमध्ये अडकलाय. आणि जो त्यानंतर नवीन एफसिंक घेऊन आला त्याला पुढची फेरी पाहिजे, तर थ्रेड मोकळा नाही. दोघंही लटकले.

ईएक्सटी४ त्या कॉलबॅकमध्ये ईएक्सटी४_प्रोसेस_फ्रीड_डेटा बोलावतं, हे फंक्शन दुसऱ्या फाइलमध्ये, स्टॅटिक नाही, केऑलसिम्स मध्ये नाव झळकतंय. डिलीट झालेल्या फाइलींचे ब्लॉक इथं खऱ्या अर्थानं मोकळे होतात. आणि माउंट करताना डिस्कार्ड ऑप्शन दिला असेल तर त्याच वेळी एसएसडीला ट्रिमच्या (हे ब्लॉक आता मोकळे, असं कळवणाऱ्या) ऑर्डरी जातात, आणि त्या पूर्ण व्हायची वाट हाच थ्रेड बघत बसतो. एफएसटॅब (कुठलं पार्टिशन कसं माउंट करायचं त्याची फाइल) उघडला. रूट पार्टिशनपुढं, डिस्कार्ड.

तरी प्रोब लावल्याशिवाय निकाल द्यायचा नाही असं ठरलेलं, कारण डिस्क, स्विच, यूपीएस हे सगळं असंच "दिसतंय म्हणून" बदललं गेलं होतं. प्रोसेस_फ्रीड_डेटा वर आत-बाहेर प्रोब, बरोबर एंड-कमिट ट्रेसपॉइंट, आणि ईएक्सटी४ चा डिस्कार्ड-ब्लॉक्स ट्रेसपॉइंट. जेवणाच्या वेळेपर्यंत पुरेशी नोंद झाली. जेव्हा जेव्हा खिडक्या अडकल्या तेव्हा तेव्हा ह्या एका फंक्शनमध्ये दोन ते साडेतीन सेकंद, आणि त्याच्या पोटात डिस्कार्डच्या ओळींची रांग. ईएक्सटी४ मध्ये ४ केबी ब्लॉक असले की एक ब्लॉक ग्रुप १२८ एमबीचा, त्यामुळं एक जीबीची क्लिप पुसली तरी किमान आठ तुकड्यांत डिस्कार्ड जातो, आणि फाइल विखुरलेली असेल तर कितीतरी जास्त. त्यात स्वस्त सॅटा एसएसडीचं ट्रिम साधारणपणे रांगेत न बसणारं असतं, म्हणजे आधी बाकीच्या ऑर्डरी संपवा, मग ट्रिम, मग परत बाकीचे.

आता पुसतंय कोण? व्हीएफएस_अनलिंक वर, म्हणजे फाइल पुसणाऱ्या फंक्शनवर, एक प्रोब. दुसरा आर्ग्युमेंट डेंट्री (फोल्डरातल्या फाइलच्या नावाची नोंद), तो एसआय रजिस्टरमध्ये, आणि डेंट्रीच्या आत आमच्या बिल्डमध्ये ४० व्या बाइटवर फाइलच्या नावाचा पॉइंटर, तिथनं स्ट्रिंग म्हणून वाचायला सांगितलं. क्लिपांची नावं धडाधड यायला लागली, आणि प्रोसेसचं नाव कॅमेरा रेकॉर्डरचं. त्याचं सेटिंग बघितलं तर डिस्क ९० टक्के भरली की नवीन क्लिप सुरू करताना सगळ्यात जुनी क्लिप पुसायची.

इथं सगळी लक्षणं एकेक करून जागेवर बसली. डिसेंबरमध्ये सुरू झालं कारण डिस्क ९० टक्क्यांवर पोचायला तेवढे दिवस लागले. नवीन डिस्क टाकल्यावर बरं वाटलं कारण जुन्या क्लिपा कॉपीच केल्या नव्हत्या, ती भरेपर्यंत पुसायची वेळच आली नाही. गर्दीत जास्त अडकायचं कारण कॅमेरा हालचालीवर चालतो, जास्त गाड्या म्हणजे जास्त क्लिपा, म्हणजे जास्त पुसापुशी. लोडचा संबंध होता, पण पावत्यांच्या लोडचा नव्हता.

आणि एक किरकोळ पण मजेशीर गोष्ट सापडली. क्लिप पुसली जात नसतानाही प्रोसेस_फ्रीड_डेटा मध्ये प्रत्येक कमिटला काही मिलीसेकंद जात होते. ते कशाचे? एसक्यूलाइटच्या जर्नल फाइलींचे. प्रत्येक पावतीमागं एक छोटी फाइल बनते आणि पुसली जाते, आणि प्रत्येक वेळी चार-आठ केबीचं ट्रिम एसएसडीला जातं. दिवसभर, हंगामभर. कुणाला त्रास झाला नसता, पण निरर्थक आहे.

दुरुस्ती अगदी छोटी. एफएसटॅबमधनं डिस्कार्ड काढला, आणि चालू मशीनवर नोडिस्कार्ड देऊन रीमाउंट केलं, काटा एक सेकंदसुद्धा बंद न करता. ट्रिम पूर्णच बंद ठेवणं चांगलं नाही, मग एफएसट्रिम ठेवलं, पण त्याचा टायमर साप्ताहिक असतो म्हणजे रविवारी रात्री बारा वाजता, सोमवार लागताना, आणि आमच्याकडं त्या वेळी ट्रॅक्टरांची रांग असते. एफएसट्रिम पण चालताना जी मोकळी जागा ट्रिम होतेय ती अडवून ठेवतंच. म्हणून टायमर बंद, आणि सफाईसाठी गाळप थांबतं तेव्हा हातानं चालवायचं असं ईडीपीच्या वहीत लिहून दिलं. एसक्यूलाइटचा जर्नल मोड पर्सिस्ट करायला सॉफ्टवेअरवाल्यांना सांगितलं, म्हणजे फाइल पुसण्याऐवजी तीच परत वापरली जाते, ते त्यांनी केलं. कॅमेऱ्याला वेगळी डिस्क द्या असंही लिहिलं, ती खरेदीच्या फाइलीत अडकलीय, निविदा वगैरे.

प्रोब लगेच काढले नाहीत. दुरुस्तीनंतर तोच प्रोसेस_फ्रीड_डेटा चा जोड दोन शिफ्ट चालू ठेवला, क्लिपा पुसल्या जात असताना. तेच फंक्शन, तेवढीच पुसापुशी, पण आता काम मायक्रोसेकंदांत संपतंय, आणि ईएक्सटी४_सिंक_फाइल चा सगळ्यात वाईट आकडा साठ मिलीसेकंदांच्या आत. मामांना विचारलं तर म्हणाले, "न्हाई ओ, आता अडकत न्हाई, पण प्रिंटर लई कुरकुरतोय, तेवढं बघा की." ते आमच्या कामात नव्हतं, तरी रोलर साफ करून दिला.

कर्नल नवीन केला असता तर हे झालंच नसतं का, असं साहेबांनी विचारलं. बऱ्याच अंशी हो. ५.१५ मध्ये ईएक्सटी४ नं डिस्कार्डचं काम जेबीडी२ च्या थ्रेडमधनं काढून बॅकग्राउंडला टाकलं, नेमकं ह्याच कारणासाठी, ज्या डिस्कांचं ट्रिम संथ असतं त्यांच्यासाठी. पण हंगाम चालू असताना कर्नल बदलायचा नाही ह्यावर आमचं आणि साहेबांचं एकमत होतं, ते काम गाळप संपल्यावर.

त्या वेळी आमच्या स्क्रिप्टपण बदलाव्या लागतील. व्हीएफएस_अनलिंक ला ५.१२ पासनं सुरुवातीला एक जास्तीचा आर्ग्युमेंट आलाय, म्हणजे डेंट्री आता एसआय मध्ये नसून डीएक्स मध्ये, आणि जुनी ओळ तशीच टाकली तर कर्नल काही एरर देणार नाही, प्रोब लागेल, हिट पण येतील, फक्त नावाच्या जागी कचरा किंवा रिकामी स्ट्रिंग दिसेल. केप्रोब हा काही कर्नलनं दिलेला वायदा नाही, आतल्या फंक्शनांची नावं आणि आर्ग्युमेंट ते लोक हवं तेव्हा बदलतात. म्हणून प्रत्येक स्क्रिप्टच्या वर आता कर्नल व्हर्जन तपासणारी ओळ टाकलीय, जुळलं नाही तर सरळ बाहेर. आणि टेअर काट्याजवळ एक स्टँडबाय मशीन आहे, त्याचा एफएसटॅब ह्याच सर्व्हरवरनं कॉपी केलेला निघाला, तो पण त्याच दिवशी बदलून घेतला.